अंगात साचलेलं पाणी कसं उतरवतात

रात्री दोनच्या सुमारास तातडीच्या विभागात येणारा हा पेशंट लांबूनच ओळखू येतो. तो स्ट्रेचरवर आडवा होत नाही. घरचे धरून झोपवायला जातात, तो हात झटकून उठून बसतो, कडेला दोन्ही हात टेकतो आणि वाक्य अर्ध्यावर सोडून श्वास घेतो. घोट्याजवळ अंगठा दाबून उचलला की खळगा तसाच राहतो. बायको सांगते, चार-पाच रात्री उशा वाढवत गेलो, कालची रात्र खुर्चीतच बसून काढली. आणि पाठोपाठ विनंती येते, "डॉक्टर, अशक्तपणा फार आलाय हो. एखादं सलाईन लावा ना."

नेमकं तेच या माणसाला नको असतं. त्याला हार्ट फेल्युअर असतं, त्याच्या अंगात मीठ आणि पाणी आधीच जास्त झालेलं असतं, आणि अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. त्याला हवं असतं उलटं काहीतरी: साचलेलं पाणी लघवीवाटे काढणारं औषध, शिरेतून आणि लवकर. वॉर्डात त्याला सगळे 'लघवीचं इंजेक्शन' म्हणतात. ते कोणतं द्यायचं, किती द्यायचं, कमी पडलं तर पुढे काय, यावर गेल्या पंधरा वर्षांत जगभर बरेच नेटके अभ्यास झाले. मी फिजिशियन आहे. हे अभ्यास वाचून आणि अनेक रात्री असे पेशंट पाहून माझं एक मत पक्कं झालंय. औषधाच्या नावाची चर्चा आपण गरजेपेक्षा जास्त करतो. डोस पुरेसा होता का, वेळेवर दिला का, आणि दिल्यावर लघवी मोजली का, ही चर्चा मात्र गरजेपेक्षा खूप कमी होते.

आधी पाणी साचतं कसं ते पाहू. 'हार्ट फेल' हा शब्द ऐकून घरच्यांचा धीर सुटतो, पण त्याचा अर्थ हृदय बंद पडलं असा नाही. पंप चालू असतो, त्याचा जोर कमी पडतो. मग मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचतं. मूत्रपिंडाला हृदयाचं दुखणं कळत नाही, रक्त कमी येतंय एवढंच कळतं. आणि त्याचा अर्थ ते एकच लावतं: माणसाला जखम झाली असेल, रक्त वाहून गेलं असेल किंवा तो पाण्यावाचून राहिला असेल. म्हणून जीव वाचवायला ते मीठ राखून ठेवतं. मिठाबरोबर पाणी राहतं. ते आधी पायात उतरतं, मग पोटात, आणि फुप्फुसात शिरलं की माणूस खुर्चीत बसून रात्र काढतो. मूत्रपिंडाचा हेतू चांगला असतो, पण त्याने लावलेला अर्थ चुकीचा असतो.

दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, आणि लघवी होते दीड-दोन लिटर. बाकी सगळं रक्तात परत जातं. हे परत घेणं समजायला धरणाचा पाट डोळ्यासमोर आणा. पाट निघतो, वाटेत एकामागून एक चार शेतं त्यातून उचल करतात, आणि अगदी टेलला जे पोचतं ती लघवी. इथे पाट म्हणजे मूत्रपिंडातली बारीक नळी, शेतं म्हणजे तिचे टप्पे, आणि पाण्याऐवजी मीठ धरा, पाणी मिठामागून जातंच. पहिलं शेत सर्वांत मोठं, एकूण मिठापैकी साधारण ६५ टक्के तेच उचलतं. दुसरं सुमारे २५ टक्के घेतं. तिसरं पाच-सात टक्के, आणि चौथं उरलेलं थोडंसं. लघवी वाढवणारी सगळी औषधं एकच काम करतात, यातल्या कुठल्या तरी एका शेताचं दार बंद करतात. फरक एवढाच की कुठल्या शेताचं.

फ्युरोसेमाइड, म्हणजे आपल्याकडे ज्याला सर्रास लॅसिक्स म्हणतात ते, दुसऱ्या शेताचं दार बंद करतं. पहिलं शेत इतकं मोठं असताना दुसरंच का? कारण पहिल्याचं दार लावलं तर वाचलेलं मीठ खाली जातं आणि दुसरं शेत तयारच बसलेलं असतं, ते बरंचसं उचलून घेतं. दुसऱ्याचं दार लावलं तर खाली उरतात दोन छोटी शेतं, त्यांच्याने एवढं सगळं उचलवत नाही. म्हणून १९६० च्या दशकात आलेलं हे औषध आजही पहिल्या रांगेत आहे. टोरसेमाइड आणि बुमेटानाइड ही त्याचीच भावंडं, दार तेच. शिरेतून दिलेलं ४० मिलिग्रॅम फ्युरोसेमाइड साधारण २० मिलिग्रॅम टोरसेमाइडच्या किंवा १ मिलिग्रॅम बुमेटानाइडच्या बरोबरीचं धरतात.

गोळी घरी चालू होती, मग इंजेक्शन कशाला, असं घरचे विचारतात. फ्युरोसेमाइडची गोळी पोटातून रक्तात किती जाईल याचा काही भरवसा नसतो. सरासरी निम्मी जाते, पण एखाद्यात दहा टक्के आणि एखाद्यात जवळजवळ सगळी. त्यात आतड्यालाच सूज आली असेल तर ती आणखी रेंगाळत जाते. शिरेतून दिलं की हा प्रश्नच उरत नाही.

आता या औषधाचा स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण बहुतेक गफलती इथेच होतात. ते रक्तात राहून काम करत नाही. मूत्रपिंडाच्या नळीच्या आत पोचलं तरच ते दाराला भिडतं. मूत्रपिंड आजारी असेल तर आत शिरायला गर्दी होते, थोडंच पोचतं. म्हणून प्रत्येक पेशंटचा एक उंबरठा असतो. उंबरठा ८० चा असेल तर ४० देऊन काही होत नाही, आणि ४० तीनदा दिलं तरी काही होत नाही, बेरीज १२० होत असली तरी. एकदम ८० द्यावं लागतं. आणि एकदा दार पूर्ण लागलं की त्याच वेळी आणखी ओतूनही फायदा वाढत नाही. 'इंजेक्शन दिलं पण गुण आला नाही' असं म्हणताना कितीदा तरी गुण न आलेलं औषध नसतं, उंबरठ्याच्या अलीकडे थांबलेला डोस असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. लॅसिक्स हे नाव 'सहा तास टिकतं' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून आलंय असं सांगतात, आणि परिणाम साधारण तेवढाच टिकतो. उरलेल्या तासांत मूत्रपिंड गेलेलं मीठ पुन्हा गोळा करायला लागतं. सकाळी आठला एक इंजेक्शन देऊन दुसऱ्या सकाळपर्यंत वाट पाहिली, तर दुपारपासून रात्रीपर्यंत हिशोब उलटा फिरतो. म्हणून भरती असताना दिवसातून किमान दोनदा देतात.

मग थेंबथेंब सतत देत राहिलं तर? ही शंका वर्षानुवर्षं होती आणि तिचा फैसला २०११ साली अमेरिकेतल्या 'डोस' नावाच्या अभ्यासाने केला. हार्ट फेल्युअरने भरती झालेले ३०८ जण घेतले. निम्म्यांना दर बारा तासांनी इंजेक्शन, निम्म्यांना सतत थेंबथेंब. त्याच वेळी दुसरी विभागणी केली: काहींना घरी जितकी गोळी चालू होती तितकाच डोस शिरेतून, काहींना त्याच्या अडीचपट. तीन दिवसांनी पेशंटला स्वतःला किती बरं वाटतंय आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक, किती बदललं, हे दोन मुख्य मापदंड. बारा तासांनी देणं आणि सतत देणं यांत काही फरक निघाला नाही. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण सतत द्यायला पंप लागतो, तो सांभाळणारं माणूस लागतं, आणि तालुक्याच्या दवाखान्यात दोन्हींची वानवा असते. साध्या इंजेक्शनने काम तितकंच होत असेल, तर पंप नाही म्हणून तिथला पेशंट मागे पडत नाही.

कमी आणि जास्त डोसमध्येही मुख्य मापदंडांवर आकड्यांच्या कसोटीला उतरेल असा फरक दिसला नाही. पण आतले तपशील पाहिले तर जास्त डोसवाल्यांचं पाणी जास्त उतरलं, वजन जास्त घटलं, धाप जास्त कमी झाली. किंमत एक मोजावी लागली: क्रिएटिनिन ०.३ पेक्षा जास्त वाढलेले लोक २३ टक्के निघाले, कमी डोसमध्ये १४ टक्के. ही वाढ मात्र बहुतेकांत तात्पुरती होती.

हा क्रिएटिनिनचा मुद्दा जरा थांबून बघायला हवा. सकाळचा रिपोर्ट येतो, १.४ चं १.७ झालेलं असतं, आणि औषध बंद होतं. मी स्वतः उमेदवारीच्या काळात असं केलंय, आणि ते पेशंट पायांची सूज घेऊनच घरी गेले, याची मला आजही खंत वाटते. मूत्रपिंडातून बाहेर जाणाऱ्या शिरेत रक्ताचा दाब तुंबला असेल, तर तो दाबच मूत्रपिंडाला त्रास देतो. टेलला पाणी तुंबलं की वरचा पाटही वाहत नाही, तसं. सूज उतरते आहे, लघवी चांगली होते आहे, रक्तदाब टिकून आहे आणि क्रिएटिनिन थोडं वर गेलंय, तर ते बहुतेक वेळा उपचार लागू पडत असल्याच्या वाटेवरचं असतं. सूज तशीच, लघवी कमी आणि क्रिएटिनिन वर, हे चित्र वेगळं आणि काळजीचं. आकडा दोन्हीकडे सारखाच असतो. फरक कळतो तो पेशंटकडे बघून.

म्हणून युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली जी पद्धत सुचवली, तिचा भर औषधाच्या नावावर कमी आणि तपासणीच्या वेळेवर जास्त आहे. घरी गोळी चालू असेल तर तिच्या एक ते दोन पट डोस शिरेतून द्या. दोन तासांनी लघवीचा नमुना घेऊन त्यात सोडियम, म्हणजे मिठातला घटक, किती आलाय ते पाहा. ते लिटरला ५० ते ७० मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली असेल, किंवा पहिल्या सहा तासांत लघवी तासाला १०० ते १५० मिलीपेक्षा कमी असेल, तर डोस अपुरा आहे, दुप्पट करा. उद्याच्या राउंडची वाट पाहत बसू नका, त्याच दिवशी करा. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या रुग्णालयात ३१० पेशंटवर हे करून पाहिलं आणि २०२३ साली निष्कर्ष आले. लघवीतलं सोडियम मोजून डोस ठरवलेल्या गटात पहिल्या चोवीस तासांत ४०९ मिलिमोल सोडियम बाहेर पडलं, नेहमीच्या पद्धतीत ३४५. सहा महिन्यांतले मृत्यू आणि पुन्हा भरती होणं यांत फरक पडला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. पण वेगळं महागडं औषध न वापरता, नुसतं मोजून, पाणी जास्त निघालं.

लघवी मोजण्याचं महत्त्व नवं नाही. १९१९ साली व्हिएन्नात आल्फ्रेड फोग्ल नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी उपदंशाच्या एका तरुण मुलीला नोव्हासुरोल हे पाऱ्याचं औषध टोचत होता. वॉर्डातल्या लघवीच्या नोंदींत, इंजेक्शनच्या दिवशी एकदम उंच उडी दिसली. औषध उपदंशासाठी होतं, पण त्या नोंदींमुळे पुढे जवळजवळ चार दशकं हार्ट फेल्युअरची सूज पाऱ्याच्या इंजेक्शनांनी उतरवली गेली. पारा विषारी, म्हणून नंतरची औषधं आल्यावर तो मागे पडला. नोंद नीट ठेवली नसती तर ती उडी कोणाच्याच लक्षात आली नसती.

आता प्रश्न, फ्युरोसेमाइड पूर्ण डोसमध्ये देऊनही पाणी हटत नसेल तर? पुन्हा पाटाकडे या. दुसऱ्या शेताचं दार बरेच दिवस बंद राहिलं, तर खालचं तिसरं शेत भरभरून मीठ मिळतंय म्हणून वाढत जातं आणि जास्त उचलायला शिकतं. वर्षानुवर्षं लॅसिक्स घेणाऱ्यांत हे हमखास दिसतं. अशा वेळी आणखी एका शेताचं दार लावावं लागतं, आणि इथे दोन अभ्यासांची तुलना करण्यासारखी आहे.

पहिला बेल्जियमचा, 'ॲडव्हॉर', २०२२ सालचा. ५१९ पेशंट. सगळ्यांना शिरेतून फ्युरोसेमाइडच्या जातीचं औषध, आणि निम्म्यांना जोडीला रोज ५०० मिलिग्रॅम असेटाझोलामाइड, तेही शिरेतून. हे पहिल्या शेताचं दार लावतं. लडाखला जाताना डोकं दुखू नये म्हणून अनेकजण डायमॉक्सच्या गोळ्या घेतात, तेच हे औषध. एकटं दिलं तर कमकुवत, कारण वाचलेलं मीठ दुसरं शेत उचलतं. पण दुसऱ्याचंही दार लागलेलं असेल तर दोन्हींचं मीठ थेट खाली येतं. तीन दिवसांत सूज पूर्ण उतरलेले ४२.२ टक्के निघाले, नुसत्या नेहमीच्या औषधावर ३०.५ टक्के. दवाखान्यातला मुक्काम सरासरी सुमारे एक दिवसाने कमी झाला. तीन महिन्यांतले मृत्यू आणि पुन्हा भरती मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच.

दुसरा स्पेनचा, 'क्लोरोटिक', २३० पेशंटचा. इथे जोडीला हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्यांमधलं ओळखीचं औषध, जे तिसऱ्या शेताचं दार लावतं. तीन दिवसांत वजन २.३ किलोने घटलं, नुसत्या फ्युरोसेमाइडवर १.५ किलोने. धाप कमी होण्यात ठोस फरक दिसला नाही, आणि मूत्रपिंडाचं काम मंदावलेले ४६.५ टक्के निघाले, दुसऱ्या गटात १७.२. आपल्याकडे याच जातीचं मेटोलाझोन बरंच वापरतात. मीही वापरतो, ते गुणकारी आहे. पण तिसरं दार लावलं की पोटॅशियम आणि सोडियम झपाट्याने उतरू शकतं. पोटॅशियम फार खाली गेलं तर हृदयाचा ठोका बिघडतो. मेटोलाझोन सुरू करून दोन दिवस रक्त न तपासणं मला धोक्याचं वाटतं.

बाकीचे पर्याय थोडक्यात. चौथ्या शेताचं दार लावणारं स्पायरोनोलॅक्टोन १०० मिलिग्रॅम भरतीच्या काळात देऊन ३६० जणांत पाहिलं, तेवढ्या चार दिवसांत विशेष फायदा दिसला नाही. घरी जाऊन रोज घ्यायचं औषध म्हणून मात्र ज्यांच्या हृदयाचा जोर कमी झालाय त्यांच्यात ते आयुष्य वाढवतं, ही गोष्ट निराळी. टोल्व्हॅप्टन नुसतं पाणी काढतं, मीठ नाही. ४१३३ जणांच्या मोठ्या अभ्यासात सुरुवातीला धाप आणि वजन थोडं सुधारलं, आयुष्य वाढलं नाही. डोपामिन हे औषध कमी डोसात दिलं की मूत्रपिंडाला जपतं असा जुना समज होता, तो २०१३ साली मोडला. आणि डायलिसिससारख्या यंत्राने पाणी खेचून काढण्याचा प्रयोग १८८ जणांत झाला तेव्हा वजन औषधांइतकंच घटलं, पण क्रिएटिनिन वाढलं आणि गुंतागुंती जास्त झाल्या. यंत्र मोठं म्हणून उपचार मोठा, असं नसतं.

एम्पाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचं म्हणून आलेलं औषध पहिल्याच शेतात थोडं काम करतं. ५३० भरती पेशंटमध्ये, मधुमेह असलेल्यांत आणि नसलेल्यांतही, तीन महिन्यांनंतरची एकूण स्थिती त्याने सुधारली. 'मला साखर नाही, मग ही गोळी का?' असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगेन, ती हृदयासाठीच दिलेली असते.

घरी जाताना गोळी कोणती, लॅसिक्स की टोरसेमाइड? टोरसेमाइड पोटातून भरवशाने शोषलं जातं, जास्त वेळ टिकतं, म्हणून ते वरचढ असं आम्ही बरेच जण धरून चाललो होतो. अमेरिकेत २८५९ जणांना घरी जाताना यांपैकी एक दिलं आणि दीड वर्षाच्या आसपास पाहिलं. मृत्यू २६.१ आणि २६.२ टक्के. इतकं सारखं उत्तर वैद्यकात क्वचित येतं. ज्याला जे परवडतं आणि मानवतं ते चालेल.

घरच्यांनी करण्यासारखं बरंच असतं, आणि ते बिनमहत्त्वाचं नाही. लघवीची पिशवी रिकामी करताना किती मिली ते वाचून सिस्टरांना सांगा. भांड्यात होत असेल तर मोजूनच फेका. मोजायच्या आधी ओतून टाकलेली लघवी म्हणजे डॉक्टरांच्या हातून निसटलेला पुरावा. गुडघेदुखीच्या गोळ्या घरून आणलेल्या असतील तर सांगा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधं मीठ अडवतात आणि फ्युरोसेमाइडचा गुण कमी करतात. डब्यातलं लोणचं-पापड बंद. शहाळं प्रेमाने आणलं जातं, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर ते रक्तात साठतं. विचारल्याशिवाय देऊ नका. इंजेक्शनं चालू असताना पायात गोळे आले, कानात आवाज येऊ लागला, उठताना अंधारी आली, तर लगेच कळवा. डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका, बरं वाटलं म्हणून सोडूही नका.

सुट्टी मिळायच्या सकाळी, लघवी करून आल्यावर आणि चहाच्या आधी, वॉर्डातल्या काट्यावर वजन करून घ्या आणि तो आकडा कागदावर मागून घ्या. सूज उतरलेल्या अंगाचं ते वजन. घरी पोचलात की दुसऱ्या सकाळी घरच्या काट्यावर पुन्हा करा, काटे एकमेकांशी जुळतातच असं नाही. मग रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचे खाडे मांडता त्याच चौकोनात तेही लिहा. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त चढलं, तर पाय सुजायची वाट न पाहता फोन करा.